लाइम झाल्यापासून आवाज बसलाय तो बसलाच, कुणाला असा अनुभव?

पानगळ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

जुलैत गुडघ्याच्या मागे लाल चट्टा आला. वाटलं काहीतरी चावलं असेल, जाईल. तर तो वाढत वाढत तळहाताएवढा झाला. खाज नाही, दुखणं नाही, मग एक दिवस ताप आणि अंग असं मोडून आलं की जिना चढताना कठडा धरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी चट्टा बघितल्या बघितल्या लाइम (गोचीड चावून होणारा जंतूंचा आजार) म्हणून सांगितलं, रक्ताच्या रिपोर्टची वाट पण बघितली नाही. दोन आठवडे डॉक्सीसायक्लीन, म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्या. ताप गेला, चट्टा गेला, सांधे पण बऱ्यापैकी सुटे झाले.

पण गोळ्या संपत आल्या तेव्हा आवाज बसला तो आजतागायत. नववा आठवडा चालू आहे. सकाळी उठल्यावर त्यातल्या त्यात बरा असतो, दुपारपर्यंत घोगरा आणि संध्याकाळी नुसती हवा. सर्दी नाही, खोकला नाही. फोनवर लोक मला सर म्हणायला लागलेत. परवा एका कस्टमर केअरच्या मशीनने "समजलं नाही, पुन्हा सांगा" असं चार वेळा म्हटलं, पाचव्यांदा मीच फोन ठेवला. मुलीला रात्री गोष्ट वाचून दाखवते तेव्हा राक्षस एकदम झकास जमतो, परी मात्र काही केल्या येत नाही.

हे लाइममुळेच आहे का? कुणाला झालंय का? आपोआप जातं का? सध्या शक्य तेवढं कुजबुजून बोलते आणि घसा जपते.

शेवटचा_बाक
मी पयला!
लाइम वाचून आधी वाटलं लिंबाचा धागा आहे, म्हटलं आंबट खाल्लं की बसणारच घसा. मग खाली वाचलं आणि ओशाळलो. लवकर बऱ्या व्हा.

पानगळ
@शेवटचा_बाक, हाहा, ओशाळू नका. सासूबाईंना पण फोनवर सांगितलं तर म्हणाल्या लिंबू बंद कर मग.

खडूस_आजोबा
लिंबाचा काही संबंध नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५ च्या सुमारास तिथे आणि आजूबाजूला एकाच वेळी बऱ्याच मुलांचे गुडघे सुजायला लागले आणि त्यांच्या आयांनी तगादा लावला म्हणून तपास झाला. कारणीभूत जंतू १९८२ साली विली बर्गडॉर्फर यांनी दाखवून दिला म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. युरोपात मात्र गोचीड चिकटल्यावर पसरणारा लाल चट्टा १९०९ पासून लिहून ठेवलेला आहे, आणि गोचीड चावल्यानंतरचा लकवा, मज्जातंतूंचं दुखणं १९२२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी. म्हणजे नसांचा आणि या रोगाचा संबंध नवा नाही. तुमच्या आवाजाचा आहे की नाही ते मला माहीत नाही, पण प्रश्न अगदीच बिनबुडाचा नाही एवढंच.

तात्पुरता
लाइमचं माहीत नाही पण माझा आवाज असाच चार महिने बसला होता, सगळे म्हणाले अॅलर्जी, शेवटी थायरॉइड कमी निघालं. ती तपासणी केली का? साधी रक्ताची असते.

कुंपणावरचा
+१ तात्पुरता. आणि दम्याचा पंप घेता का? माझ्या बायकोचा आवाज पंपातल्या स्टिरॉइडने बसला होता, घेतल्यावर गुळण्या करायच्या हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लोकांना एकदा मोठं नाव सापडलं की बाकी सगळं त्याच्याच खात्यावर जातं. लाइम झालाय ना, मग केस गळले लाइम, चष्म्याचा नंबर वाढला लाइम.

टिंब_टिंब
@कुंपणावरचा, ज्याचं जळतं त्याला कळतं. मी चार वर्षं यातून जातेय. मला "सगळं तुमच्या मनात आहे" हे इतक्यांदा ऐकवलंय की आता हसू येतं. पानगळताई, हो, लाइममध्ये आवाज जातो. माझा गेलाय. पूर्ण जात नाही, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत संपतो, पेट्रोल संपल्यासारखा. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी काही होत नाही हे लक्षात घ्या. लांबचा अँटिबायोटिक कोर्स देणारा डॉक्टर शोधा.

कुंपणावरचा
मनात आहे असं मी म्हटलेलंच नाही हो. दुसरं पण काही असू शकतं एवढंच म्हटलं.

रानभूल
इथे माझा अनुभव लिहायलाच पाहिजे, कारण मला खरोखर लाइमने आवाजाची नस गेली होती.

डोंगरात भटकायची आवड, त्यात कधीतरी गोचीड चिकटली असणार, मला ती दिसलीच नाही, चट्टा पण नाही. एके दिवशी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ शर्टावर. आरशात बघतो तर डावी बाजू लोंबलेली, डोळा मिटत नाही. चेहऱ्याच्या नसेचा लकवा. रक्तात लाइम निघाला. आठवड्याभरात आवाज पण गेला, आणि तो घोगरा नव्हता, नुसती फुसफुस. टायरमधून हवा जावी तशी. पाणी प्यायलं की ठसका. आणि एक गंमत सांगतो जी कुणी आधी सांगितली नव्हती: खोकता येईना! म्हणजे खोकला यायचा पण पोकळ, त्याला धक्काच नाही. पाठीवरची सॅक उचलताना कण्हायला जातो तर जोर लागेना. नंतर डॉक्टरने समजावलं की जड उचलताना आपण नकळत स्वरतंतू (घशातल्या आवाजाच्या दोन पट्ट्या) घट्ट मिटून छातीत हवा कोंडतो, माझा एक मिटतच नव्हता.

नाकातून दुर्बीण घातली तेव्हा स्क्रीनवर मी पण बघितलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, "ई" म्हणा म्हटलं की उजवी झर्रकन मध्ये येते आणि डावी आपली जागच्या जागी. मग मान आणि छातीचा स्कॅन, पाठीतून पाणी काढून तपासणी, आणि तीन आठवडे शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक. चेहरा दोन महिन्यांत जवळजवळ पूर्ववत. आवाजाला सात महिने लागले. मध्ये त्या लुळ्या पट्टीत जेलचं इंजेक्शन देऊन ती फुगवली, म्हणजे उजवीला चालून येऊन टेकायला काहीतरी मिळालं. ते जेल काही महिन्यांत विरघळतं, तोपर्यंत माझी नस जागी झाली होती.

फोनवर काय हाल व्हायचे विचारू नका. "दादा" म्हटलं की समोरच्याला "ताता" ऐकू जायचं, "गाडी"ची "काटी".

खडूस_आजोबा
वा! हे अगदी व्याकरणातलं उदाहरण आहे. घोष वर्णांना स्वरतंतूंचं कंपन लागतं, अघोषांना नाही. कंपन गेलं की ग चा क होणार आणि द चा त. शाळेत घोष-अघोष पाठ करून घेतलं तेव्हा ते कशासाठी हे एकाही मास्तराने सांगितलं नव्हतं.

शेवटचा_बाक
आजोबा, म्हणजे कुजबुजीत सगळेच वर्ण अघोष? शेवटच्या बाकावर बसून आम्ही आयुष्यभर अर्धंच व्याकरण बोललो म्हणायचं.

स्वरव्यंजन
आजोबांना शंभर मार्क. मी वाचा-उपचार करते (स्पीच थेरपी), त्यामुळे राहवत नाहीये, जरा लांब लिहिते.

आधी एक फरक. रानभूल यांच्यासारखा चेहऱ्याचा लकवा झाला तर उच्चार बिघडतो: प फ ब भ म, कारण ओठ नीट मिटत नाहीत. आवाज तोच असतो, फक्त अक्षरं निसटतात. आवाज बिघडणं वेगळं, ते स्वरयंत्राचं काम. आणि टिंब_टिंब म्हणतायत ते तिसरंच काहीतरी असू शकतं: स्वरतंतू ठीक, पण श्वासाला जोर नाही, अंगात त्राण नाही, म्हणून वाक्य पार पडत नाही. तिन्हीला लोक "आवाज गेला" असंच म्हणतात आणि तिन्हीचे उपाय वेगळे. रानभूल यांना तर पहिल्या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या.

घरी करता येण्यासारखी एक गोष्ट. खोल श्वास घेऊन सोयीच्या पट्टीत "आ" किती वेळ धरता येतो ते घड्याळ लावून बघा. मोठ्या माणसाला साधारण १५ ते २० सेकंद तरी जमायला हवा, १० च्या खाली सारखा येत असेल तर हवा गळतेय असं समजायला जागा आहे. तसंच नुसता "स्स्स" आणि "ज्ज्ज" धरून बघा. ज म्हणजे "जरा"मधला, "जग"मधला नव्हे. निरोगी घशात दोन्ही जवळजवळ सारखे टिकतात. स खूप लांबतो आणि ज लगेच तुटतो असं असेल तर फुप्फुस ठीक आणि गडबड तंतूंपाशी. ही तपासणी नव्हे, फक्त अंदाज. आत बघितल्याशिवाय कुणीही, मी सुद्धा, निदान करू शकत नाही.

आणि पानगळताई, हात जोडून विनंती: कुजबुजणं बंद करा!! सगळ्यांना वाटतं त्याने घशाला आराम मिळतो. बऱ्याच जणांत कुजबुजताना वरचे स्नायू उलट आवळले जातात. हळू पण खऱ्या आवाजात बोला, नाहीतर गप्प बसा.

पानगळ
अरे देवा. मी नऊ आठवडे कुजबुजतेय.

"आ" करून बघितला: ९, ११, ८. स २१ सेकंद, ज ९. झोप उडाली आता.

शेवटचा_बाक
माझा आ ३१ सेकंद! पण शेजारून भिंतीवर थाप आली त्यामुळे थांबलो, रेकॉर्ड अजून वाढू शकतं.

निळी_छत्री
मी गाते, त्यामुळे आवाज बसला की आमच्या घरात सुतक असतं. लाइम नव्हता झाला पण एक सांगते, घसा खाकरायची सवय मोडा. दर दोन मिनिटांनी "अहं अहं" करून आपण ते दोन नाजूक तंतू एकमेकांवर आपटत असतो. बायकांचे तंतू बोलताना सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भेटतात, पुरुषांचे १०० ते १२५, त्यात ही वरची आपटाआपटी. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट. मला जमायला महिना लागला, घरातले लोक मोजायचे माझे अहं.

अर्धविराम
डॉक्टर आहे, पण कान-नाक-घशाची नाही, त्यामुळे मर्यादा समजून वाचा आणि हा माझा सल्ला नव्हे वगैरे वगैरे.

लाइममध्ये मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातवी, म्हणजे चेहऱ्याची, सर्वांत जास्त वेळा सापडते. अमेरिकेत नोंद झालेल्या दर १०० रुग्णांत साधारण ९ जणांना चेहऱ्याचा लकवा होतो. स्वरयंत्राला जाणारी नस दहाव्या नसेची फांदी. तिला लाइमने धक्का बसल्याची उदाहरणं छापून आलेली आहेत पण ती एकेका रुग्णाची. म्हणजे रानभूल यांच्याबाबतीत झालं ते होतं, पण क्वचित. उलट लाइम झालेल्या माणसाला इतर चारचौघांसारखा घसा आहेच, त्यामुळे ॲसिड, विषाणू, गाठ, थायरॉइड, जास्त बोलणं हे सगळं त्यालाही होतं.

ही डाव्या बाजूची नस मोठी लांबची वाट करते. मानेतून खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि परत वर स्वरयंत्रात येते. उजवी त्यामानाने वरच्यावर वळते. म्हणून डावा तंतू हलत नसेल तर छातीपर्यंत स्कॅन काढतात. रानभूल यांचा काढला तो त्यासाठीच, आणि लाइमची टेस्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून तो कुणी टाळू नये. लाइमची अँटिबॉडी बरं झाल्यावरही अनेक वर्षं रक्तात राहू शकते, त्यामुळे नुसती पॉझिटिव्ह टेस्ट म्हणजे आजची तक्रार त्याचीच असं होत नाही. तसंच अगदी सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून चट्टा बघून थेट औषध देतात, पानगळ यांच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं.

आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर दुर्बिणीने स्वरयंत्र बघावं असं अमेरिकेतल्या घशाच्या डॉक्टरांच्या संघटनेचं २०१८ चं मार्गदर्शन आहे. धाप लागत असेल, श्वास घेताना घरघर, मानेत गाठ, गिळताना ठसका, किंवा सिगारेटचा इतिहास असेल तर चार आठवडे पण थांबायचं नाही. पानगळ, तुम्ही नवव्यात आहात. अपॉइंटमेंट घ्या. आणि चक्कर, छातीत धडधड, अचानक बेशुद्धी असं काही होत असेल तर ते आवाजाच्या आधी, कारण थोड्या रुग्णांत, १०० त साधारण एक, लाइम हृदयाचे ठोके चालवणाऱ्या विजेच्या वाटेवर बसतो.

टिंब_टिंब
अर्धविराम, लांबच्या कोर्सबद्दल सोयीस्करपणे गाळलंत.

अर्धविराम
गाळलं नाही, भांडण नको म्हणून थांबले होते. विचारलंत तर सांगते. २००१ मध्ये अमेरिकेत जुन्या तक्रारी असलेल्या १२९ जणांवर चाचणी झाली, महिनाभर शिरेतून आणि पुढे ६० दिवस तोंडाने अँटिबायोटिक विरुद्ध नुसतं नकली औषध. फरक पडला नाही. २०१६ मध्ये नेदरलँड्सची, सगळ्यांना आधी दोन आठवडे सेफ्ट्रिॲक्सोन आणि मग १२ आठवडे खरं किंवा नकली. तिथेही नाही. आणि शिरेत नळी महिनोन्महिने ठेवली की रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग हे सगळं मागे लागतं. पण म्हणून तुमचा त्रास खोटा असं मी म्हणत नाही. उपचारानंतरही १०० त ५ ते १० जणांना थकवा, अंगदुखी, डोकं न चालणं हे महिनोन्महिने राहतं, त्याला नाव पण आहे. त्रास खरा आहे, हे औषध त्याच्यावरचं नाही, एवढंच.

टिंब_टिंब
मला सात महिन्यांच्या कोर्सने बरं वाटलं. तुमच्या १२९ मध्ये मी नव्हते.

अर्धविराम
बरं वाटलं याचा खरंच आनंद आहे. ते कोर्समुळे की सात महिने गेल्यामुळे हे एका माणसावरून कळत नाही, माझ्यावरूनही कळलं नसतं.

कुंपणावरचा
टिंब_टिंब, एक विचारू? तुमच्या घशात कुणी दुर्बीण घालून बघितलं का कधी? खवचटपणा नाही, खरंच विचारतोय.

टिंब_टिंब
नाही. चार वर्षांत रक्त किती वेळा काढलं त्याचा हिशेब नाही, पण घशात कुणी बघितलं नाही. मी पण मागितलं नाही. आधीच एवढ्या तक्रारी, त्यात आवाजाचं काय सांगायचं असं वाटायचं.

स्वरव्यंजन
हे फार जणांचं होतं ताई. सांधे दुखतात त्यापुढे आवाज म्हणजे चैनीची गोष्ट वाटते. पण माणूस बोलायचं टाळायला लागतो, मग फोन टाळतो, मग लोकांना टाळतो. नुसता श्वास आणि वाक्य कुठे तोडायचं एवढं शिकूनसुद्धा फरक पडतो. बघून घ्या एकदा.

रानभूल
अवांतर: आता हवा चांगली होतेय, सगळे बाहेर पडणार. कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, गुडघ्याची मागची बाजू, जांघ, काखा, केसांच्या कडा आंघोळीच्या वेळी चाचपा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची. काडी लावू नका, तेल ओतू नका. अमेरिकेतल्या जातीला रोग द्यायला सहसा दिवसभराच्या वर चिकटून राहावं लागतं, त्यामुळे रोज बघितलं तर बरंचसं टळतं.

खडूस_आजोबा
अवांतराला उपअवांतर: आमच्या लहानपणी गोचीड फक्त गुराढोरांना आणि कुत्र्यांना व्हायची. माणसाला "गोचिडीसारखा चिकटलाय" म्हणत. आता अक्षरशः.

पानगळ
(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतेय. जाऊन आले एकदाची.

नाकात बधिर करणारा फवारा मारला, तो घशात उतरला की असं वाटतं गिळताच येत नाहीये, घाबरून डॉक्टरची बाही धरली मी. मग बारीक काळी नळी. दुखत नाही, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी. स्क्रीनवर रानभूल म्हणाले तशा दोन पांढऱ्या पट्ट्या. मी "ई" म्हटलं आणि श्वास रोखून (म्हणजे रोखता येत नव्हता पण मनातल्या मनात) डावीकडे बघत होते.

दोन्ही हलतात. मस्त हलतात. नस शाबूत.

गडबड अशी की बोलायला लागलं की त्यांच्या वरच्या बाजूचे मांसल पडदे दोन्हीकडून असे आवळून येतात की खालचं काही दिसतच नाही, जोरात मूठ वळावी तसं. मागची बाजू थोडी लालसर पण होती, त्यावर डॉक्टर म्हणाले की नुसत्या लालीवरून मी ॲसिड म्हणणार नाही. मग गोळ्या कशा घेत होतात विचारलं. मी डॉक्सी रात्री अंथरुणात बसून, घोटभर पाण्याने, आणि लगेच आडवी. दोन वेळा छातीत गोळी अडकून जळजळ झाली होती हे मला तेव्हा आठवलं सुद्धा नव्हतं. ती गोळी अन्ननलिकेत थांबली तर भाजते म्हणे, पेलाभर पाणी आणि निदान अर्धा तास तरी सरळ बसायचं असतं. पाकिटावर लिहिलं होतं. वाचलं नाही. तर त्यांचा अंदाज असा: जळजळ, मग खाकरणं, मग आवाज जरा बसला, मग मी बया कुजबुजायला लागले, आणि ते स्नायू आवळायचं शिकले ते शिकलेच. थायरॉइड पण तपासलं, ठीक आहे.

खरं सांगू? सुटका वाटलीच, पण जराशी निराशा पण झाली. लाइमने झालं असतं तर माझी काही चूक नसती.

अर्धविराम
तुमची चूक आत्ताही नाही. गोळी देताना पाण्याचं सांगणं हे आमचं काम.

स्वरव्यंजन
"स" हा "ज"पेक्षा दुपटीहून लांब होता तुमचा, मला तर लकव्याची भीती वाटली होती, कबूल करते. म्हणून म्हणतात आत बघा. काय व्यायाम दिलेत?

पानगळ
पेल्यात पाणी, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवायची, आणि बुडबुडे काढत "ऊ". दिवसातून पाच-सहा वेळा, दोन दोन मिनिटं. पहिल्यांदा केलं तर बुडबुडे आले पण आवाज नाही, दुसऱ्यांदा आवाज आला पण बुडबुडे नाहीत. चौथ्या दिवशी दोन्ही एकदम आले आणि ओठांवर गुदगुल्या झाल्या, आणि तो ऊ माझाच होता, ओळखीचा. नंतर "उठ" म्हणायला गेले तर परत घोगरा. पण आला होता.

आ आता १४ सेकंद.

शेवटचा_बाक
माझा ३४. शेजारी गावाला गेलेत.

टिंब_टिंब
मी पुढच्या महिन्यातली तारीख घेतलीये. घशाची. बाकी मतं माझी तीच आहेत हं.

कुंपणावरचा
मतं राहू द्या, तारीख चुकवू नका. काय निघतं ते इथे टाका.

निळी_छत्री
पानगळ, परी जमते का आता?

पानगळ
अजून नाही. परीला सध्या सर्दी झालीये असं सांगितलंय. मुलगी म्हणाली मग तिला पण स्ट्रॉ दे.